उधारीच्या वहीतील कृपा



धंद्यात खोट येते, घरात आजारपण शिरते, आणि मंदिरात हात जोडताना मनात तक्रार उमटते, ‘एवढी पूजा केली, एवढे उपवास केले, तरी भगवंतांनी मला का विसरावे?’ ही तक्रार नवी नाही. चारशे वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच एका जैन व्यापाऱ्याने ती केली होती.

कविवर बनारसीदास १५८६ मध्ये जौनपूर येथे एका जवाहिऱ्याच्या घरी जन्मले. १६४१ मध्ये आग्र्यात त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात नफ्याइतकीच खोट आणि गुणांइतकेच दोषही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहेत.

तरुणपणी एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जप केल्यास रोज दाराशी सुवर्णनाणे सापडेल, असे सांगितले. वर्ष सरले, नाणे सापडले नाही. पुढे ते एका शंखाची शिवरूपाने नित्य पूजा करू लागले. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता ऐकून ते जिन्यावरून कोसळले आणि त्यांचे डोके फुटले. बरे झाल्यावर त्यांच्या मनात आले, मी पडलो तेव्हा माझ्या आराध्याने मला का सावरले नाही? आणि त्यांनी ती पूजा सोडली. दोष आराध्याचा नव्हता; भक्तीचाच सौदा झाला होता.

काही वर्षांनी वडिलांनी रत्ने, तूप, तेल आणि कापड देऊन त्यांना आग्र्यास व्यापारासाठी पाठवले. तेथे भांडवल बुडाले, नाडीत बांधून ठेवलेली रत्नेही हरवली. दिवसा बाजारात तोंड दाखवण्याची सोय उरली नाही. रात्री ते दहा-वीस माणसांना प्रेमकथा वाचून दाखवत. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधारीने कचोऱ्या घेत. एके दिवशी संकोच सोडून त्यांनी त्याला सांगितले, की आपल्याजवळ काहीच नाही, यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने मात्र वीस रुपयांपर्यंत खुशाल खाण्यास सांगितले. अशा रीतीने कित्येक महिने निघाले, आणि पुढे बनारसीदासांनी ते देणे चुकते केले.

सुवर्णनाणे दाराशी आले नाही. पण भुकेच्या वेळी एका सामान्य माणसाचा विश्वास मात्र समोर उभा राहिला.

आपले जिनेश्वर वीतराग आहेत. ते पूजेने प्रसन्न होत नाहीत, निंदेने रुष्ट होत नाहीत. असातावेदनीय कर्माचा उदय झाला तर तो भोगावाच लागतो. मग संकटात त्यांची कृपा ती कोणती? इष्टाचा वियोग, अनिष्टाचा संयोग, वेदना आणि निदान, म्हणजे पुढील भोगाची लालसा, या चार वाटांनी आर्तध्यान मनात शिरते आणि जुने कर्म फेडता फेडता आपण नवे बांधून ठेवतो. दुःख भोगतानाही नवे देणे करू नये, ही समज त्यांनी आपल्याला दिली. तीच त्यांची कृपा. खोटीच्या दिवशीही अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक शांतपणे पार पडली, तर भगवंत दूर गेले नव्हते असे जाणावे.

बनारसीदासांची खरी परीक्षा अजून व्हायची होती. त्यांची नऊ अपत्ये एकामागून एक गेली. घरात पती-पत्नी दोघेच उरले. मात्र ज्याने कधी मंत्राकडे सोन्याचे नाणे मागितले होते, त्याच माणसाने १६३६ मध्ये आत्मस्वरूपाचा विचार सांगणारे ‘नाटक समयसार’ पूर्ण केले. आता मागणे संपले होते, उपासना राहिली होती.

कचोरीवाला हा निमित्तमात्र होता, असे शास्त्रदृष्टीने म्हणता येईल. पण निमित्त होणे ही लहान गोष्ट नव्हे. आपण व्यापारी माणसे. आपल्या वहीत आज एखादे नाव असे असेल, की ज्याचे येणे थकले आहे आणि जो लाजेने दुकानासमोरून जाणे टाळतो आहे. तगादा लावण्यापूर्वी त्याला एकदा घरी चहाला बोलवावे. त्याच्या कठीण काळात भगवंतांची आठवण त्याला कदाचित आपल्यामुळेच होईल.