पट्टीवरची दुसरी रेघ

गर्भ राहिला की नाही हे सांगणारी पट्टी आता बहुतेक घरांना ठाऊक आहे. दिसायला तशीच, पण स्त्रीबीज कधी सुटणार याचा अंदाज देणारी ओव्ह्युलेशन पट्टीही औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. सिंधुदुर्गात कितीतरी जोडप्यांची गाठ गणपती, शिमगा आणि मे महिना अशीच पडते. नवरा मुंबईत, बायको मालवणात आणि रजा मोजकी, अशा घरात नेमका दिवस सांगणाऱ्या पट्टीचे आकर्षण वाटणारच.

पाळीच्या चक्रात बीज पक्व झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी ल्युटिनायझिंग हार्मोन, थोडक्यात एलएच, हे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात सोडते. त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडते. एलएच लघवीत उतरते आणि पट्टी तेवढेच ओळखते. बीज सुटण्याचा हुकूम निघाला, इतकेच तिला कळते. तो पाळला गेला की नाही, हे कळत नाही.

बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस यांनी हे १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवले. म्हणून मोजणी मागून करायची. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरून, चक्राच्या दिवसांतून १७ वजा करून येईल त्या दिवसापासून रोज तपासावे. २८ दिवसांच्या चक्रात हा ११वा दिवस येतो, ३२ दिवसांच्या चक्रात १५वा. पाळी मागेपुढे होत असेल तर गेल्या काही महिन्यांतले सर्वांत छोटे चक्र धरावे.

खरा घोटाळा रेघ वाचताना होतो. गर्भधारणेच्या पट्टीवर दुसरी रेघ फिकट असली तरी उत्तर बहुधा ‘हो’ असते. इथे तसे नाही. एलएच शरीरात थोडेफार नेहमीच असते, त्यामुळे फिकट रेघेचा अर्थ ‘अजून नाही’ असा होतो. चाचणीची रेघ, पट्टी नीट चालली हे दाखवणाऱ्या नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच ‘हो’. नियंत्रण रेघ उमटलीच नाही, तर ती पट्टी बाद.

सकाळच्या पहिल्या लघवीचा आग्रहही बहुतेक पट्ट्यांसाठी नको. एलएचची उसळी बहुधा सकाळी रक्तात सुरू होते आणि लघवीत काही तासांनी दिसते, म्हणून दुपार ते संध्याकाळची वेळ बरी. आधीचे दोन तास फार पाणी पिऊ नये. मे महिन्याच्या उकाड्यात हे जड जाईल, पण पातळ लघवीत रेघ फिकी पडते. निकाल पाकिटावर दिलेल्या मिनिटांतच वाचावा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाकीट आधीपासून फोडून ठेवू नये.

आता रजेचा हिशेब. सुटलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भ राहू शकतो तो बीज सुटण्याआधीच्या ५ दिवसांत आणि त्या दिवशी. त्यातही आधीचे दोन दिवस सर्वांत अनुकूल. रेघ गडद झाल्याचा फोन आल्यावर दादरला तुतारी एक्स्प्रेस पकडणारा नवरा कुडाळला उतरेपर्यंत यातला बराच काळ उलटलेला असतो. त्यापेक्षा तपासणी सुरू करायच्या दिवसाच्या सुमारास त्याने घरी असावे आणि दोघांनी एक दिवसाआड तरी जवळ यावे. बीज सुटण्याआधीचे दिवसही असे धोक्याचे असल्याने गर्भ टाळण्यासाठी ही पट्टी उपयोगाची नाही.

काही जणींच्या बाबतीत पट्टी फसवते. पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असेल तर एलएच एरवीही चढलेले राहू शकते, पाळी जायच्या वयातही तसेच. वंध्यत्वावरच्या उपचारात दिलेल्या एचसीजी या संप्रेरकाच्या इंजेक्शननेही खोटे ‘हो’ येऊ शकते. बीज खरेच सुटले का, हे रेघ गडद झाल्यावर साधारण आठवड्याने केलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीतून कळते. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे मात्र पट्टी आणि ही रक्ततपासणी दोन्ही सांगू शकत नाहीत.

पट्टी उपयोगी आहे, पण ती फक्त बाईलाच तपासते. मूल न होण्यामागे सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातले कारण एकटे किंवा जोडीने असते. तरी पट्टी, उपास आणि शेजारणींचे प्रश्न सुनेच्या वाट्याला येतात आणि देवळातले गाऱ्हाणेही तिच्याच नावाने घातले जाते. डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा की बाईचे वय ३५च्या आत असेल तर वर्षभर आणि ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर ६ महिने प्रयत्न करून दोघांनी तपासून घ्यावे. ही मुदत एकत्र राहणाऱ्यांसाठी आहे. वर्षातून मोजक्या वेळा भेटणाऱ्यांनी ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, नाहीतर नसलेला दोष शोधण्यात महिने जातील. वीर्यतपासणी तर मुंबईतल्या मुंबईत होते. तिला गावी येण्याची रजा लागत नाही.