बाप्पाला मुळा, सरस्वतीकडे पैसा!

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला तर हे तोंडपाठ असतं. लेख छापून येतो, चेक येत नाही! जपान्यांनी मात्र हा प्रॉब्लेम कधीच सोडवून टाकलाय. तिथे ही दोन्ही खाती एकाच देवीकडे आहेत. तिचं नाव बेंझाइतेन. आणि ही बेंझाइतेन म्हणजे दुसरीतिसरी कुणी नसून आपली सरस्वती.

बौद्ध ग्रंथांचं बोट धरून ती भारतातून चीनला गेली आणि तिथून जपानला. हातातल्या वीणेची झाली बिवा, म्हणजे तिकडचं तंतुवाद्य. तिच्या नावातल्या 'झाइ' या अक्षराचा अर्थ होता प्रतिभा. पुढे लोक त्याच उच्चाराचं पण 'संपत्ती' अर्थाचं अक्षर लिहायला लागले आणि बाईसाहेब विद्येबरोबर अर्थखातंही सांभाळू लागल्या. कामाकुराला तिचं झेनिआराइ बेंतेन नावाचं देवस्थान आहे. तिथल्या गुहेतल्या झऱ्यात लोक टोपलीत नाणी आणि नोटा ठेवून धुतात. धुतलेला पैसा वाढतो अशी श्रद्धा! मनी लाँडरिंगचा इतका सात्त्विक प्रकार जगात दुसरा नसेल.

आणि हो, कपल्ससाठी एक धोक्याची सूचना. टोकियोच्या इनोकाशिरा पार्कमध्ये तळ्याकाठी बेंझाइतेनचं देऊळ आहे. त्या तळ्यात जोडीने बोटिंग केलं की ब्रेकअप होतो म्हणतात, कारण देवी जळते. मला यातली गंमत वेगळीच वाटते. सरस्वती मुळात नदी. जपानमध्ये तिची देवळं आजही बहुतेक बेटांवर, तळ्याकाठी, झऱ्यापाशी असतात. आपण तिला पाटीवर काढली, शाळेच्या हॉलमध्ये फोटोत बसवली आणि तिचं पाणी विसरून गेलो. परक्यांनी ते लक्षात ठेवलं.

आता आपला लाडका बाप्पा. तोही तिकडे आहे, पण ओळखायला जरा वेळ लागेल. नाव कांगीतेन किंवा शोतेन. कितीतरी मूर्तींमध्ये हत्तीचं डोकं असलेल्या दोन आकृती एकमेकांना मिठी मारून उभ्या असतात. एक अडथळे आणणारा विनायक आणि दुसरी त्याला शांत करायला त्याच्यासारखंच रूप घेऊन आलेली करुणेची देवता कान्नोन, अशी त्यामागची कथा. म्हणजे दटावून नाही, जवळ घेऊन सुधारलं! यात 'विघ्नहर्त्याला विघ्नकर्ता केला' म्हणून भडकायचं कारण नाही. आपल्याच जुन्या गृह्यसूत्रांमधले विनायक माणसांना पछाडणारे, कामं अडवणारेच आहेत. हर्ता तो नंतर झाला.

खरा कल्चर शॉक पुढे आहे. कांगीतेनची मूर्ती बहुतेक ठिकाणी बंद पेटीत असते. दर्शन नाहीच! पुजारी आत गुपचूप कोमट तेलाने अभिषेक करतात, भक्त बाहेरून हात जोडतात. ज्या देवासाठी आपण दहा दिवस रस्ते अडवतो, ज्याला ढोल-ताशात नाचवत नेतो, तोच देव तिकडे इतका प्रायव्हेट आहे की त्याचा फोटोसुद्धा निघत नाही. लोकप्रिय मात्र तेवढाच. नाराजवळच्या इकोमा डोंगरावर त्याचं होझानजी हे मोठं स्थान आहे. तिथे जाणाऱ्या भाविकांसाठी 1918 मध्ये केबल रेल्वे सुरू झाली. जपानमधली ती पहिलीच. गर्दी खेचण्यात बाप्पा सगळीकडे सारखाच!

नैवेद्याला काय, तर पांढरा मुळा. टोकियोत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथे लोक रांगेत मुळा वाहतात आणि दर 7 जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो. टोकियोत आयटीत असलेल्या माझ्या मैत्रिणीने तिथून फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आईला दाखवू नकोस, तिला वाटेल इकडे बाप्पाचे हाल चाललेत.' मी तिला उलट क्योतोचा पत्ता पाठवला. तिथे 1617 पासून चालू असलेल्या कामेया कियोनागा या दुकानात 'कांकीदान' मिळतं. पिठाची पुरचुंडी, आत लालसर चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, त्यात सुगंधी मसाले, वर तोंड चुण्या घालून बंद केलेलं आणि तिळाच्या तेलात तळलेलं. ओळखलंत? तळणीचा मोदक! चीनमार्गे हजारभर वर्षांपूर्वी गेला आणि तिकडेच स्थायिक झाला.

या मंडळींची यादी मोठी आहे. संहारक महाकालाचा झाला दाइकोकुतेन, तांदळाच्या पोत्यांवर उभा असलेला हसरा, गुबगुबीत शेठजी. इंद्राचा झाला ताइशाकुतेन, ब्रह्मदेवाचा बोंतेन. मग मांगा आणि गेमवाल्यांनी हा माल का सोडावा? क्लॅम्प या महिला चित्रकारांच्या गटाने 1989 मध्ये ऋग्वेदाचं नाव घेऊन आख्खी मांगा मालिका सुरू केली, त्यात इंद्र चक्क व्हिलन. 2004 च्या 'डिजिटल डेव्हिल सागा' गेममध्ये पात्रं अग्नी, वायू, पृथ्वी होऊन लढतात. 'रेकॉर्ड ऑफ रॅग्नरॉक'मध्ये तर चार हातांचा शिव एका सुमो पैलवानाशी भिडतो. ही सीरिज 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा शिवाच्या चित्रणावर परदेशातून आक्षेप घेतले गेले आणि भारतात ती त्या वेळी दिसलीच नाही.

इथेच आमच्या ग्रुपमध्ये नेहमी वाजतं. एक पार्टी म्हणते, 'आमच्याच देवांची टिंगल का?' दुसरी म्हणते, 'चिल, कार्टून आहे.' मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

युगो साको आठवतात? नाव नसेल, पण त्यांचा सिनेमा तुम्ही लहानपणी टीव्हीवर नक्की पाहिलाय. 'रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम'. हा जपानी माणूस 1983 मध्ये उत्खननावर डॉक्युमेंटरी करायला भारतात आला आणि रामायणाच्या प्रेमात पडला. परदेशी माणसाने रामायणाला मनमानी हात लावू नये म्हणून तेव्हा विश्व हिंदू परिषदेकडून निषेधाचं पत्र गेलं होतं. साकोंनी चिकाटीने सगळ्यांना समजावलं आणि राम मोहन यांच्यासारखा भारतीय अ‍ॅनिमेटर सोबत घेतला. सिनेमा 1993 मध्ये दिल्लीच्या इफ्फीत दाखवला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये आपल्या थिएटरांत पुन्हा लागला. बघायला कोण होतं? टीव्हीवर त्याची पारायणं केलेली आमची पिढी, तेव्हाच्या विरोधाचा पत्ताही नसलेली.

याउलट 2017 ची ऑस्ट्रेलियातली जाहिरात घ्या. मटण खपवण्यासाठी गणपतीला थेट जेवणाच्या टेबलावर बसवला होता. भारताने सरकारी पातळीवर निषेध नोंदवला. तिथे मलाही राग आला. कारण त्या जाहिरातीला गणपतीशी काही घेणंदेणं नव्हतं, फक्त त्याच्या सोंडेशी होतं.

मला विचाराल तर टेस्ट ही. रूप बदललं का, हा प्रश्न फिजूल आहे. रूप आपणही बदलतोच. कॅलेंडरवरची जी लक्ष्मी-सरस्वती आपल्याला 'ओरिजिनल' वाटते, ती बरीचशी राजा रवि वर्मांच्या चित्रांतून आली आणि त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला होता. 2022 मध्ये आपल्याच मंडपांत 'पुष्पा' स्टाइल गणपती बसले, तेव्हा आपण सेल्फी काढले. प्रश्न एवढाच, की घेणाऱ्याने त्या देवाशी काही नातं जोडलं का? मुळा वाहणाऱ्याने जोडलं. साकोंनी जोडलं. मटणवाल्याने नाही. गेमवाल्यांचा निकाल प्रत्येक गेम बघून लावावा लागेल, आणि त्यासाठी तो आधी बघावा लागेल. न बघता फॉरवर्ड केलेली निषेधाची पिटिशन मी हल्ली साइन करत नाही.

बाहेरगावी गेलेलं पोरगं पंधरा वर्षांनी भेटलं की त्याची भाषा बदललेली असते, जेवण बदललेलं असतं. आपण त्याला उंबऱ्यावर उभं करून ओळखपत्र मागत नाही. आधी पाणी विचारतो. आपले देव तर हजार वर्षांपूर्वी गेलेत. आणि त्यातल्या एकीने विद्या आणि पैसा एका घरात नांदवून दाखवलाय! संपादकसाहेब, वाचताय ना?