झडीचे दिवस आणि कुमारागार

आषाढ-श्रावणात बुलढाणा जिल्ह्यात झड लागली, की घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर या भागात गार वारा सुटतो. घाटाखाली नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा चिखल होऊन घराबाहेर पाऊल टाकणे कठीण होते. कित्येकदा चार-चार दिवस सूर्यदर्शन घडत नाही. ज्या घरी तान्हे बाळ आहे तेथे या दिवसांत खिडक्या बंद होतात, बाजेखाली शेगडी येते, दोरीवर ओली दुपटी लोंबतात आणि सायंकाळी ओवा-वेखंडाची धुरी होते. बाळ-बाळंतिणीस वारा बाधू नये, हा यामागील हेतू स्तुत्यच आहे. तथापि या कोंदट खोलीस आयुर्वेदाचा आधार आहे असा जो समज रूढ आहे, त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन केले आहे. ते घर ‘निवात’ असावे, हे सर्वांच्या स्मरणात असते. परंतु त्याच ठिकाणी ते ‘अतमस्क’ म्हणजे अंधार नसलेले आणि ‘प्रवातैकदेश’ म्हणजे एका बाजूने हवा खेळती असलेले असावे, असेही सांगितले आहे. अर्थात झोत टाळावा, हवा टाळू नये, हा शास्त्राचा अभिप्राय होय. बाळाची बाज वाऱ्याच्या रेषेतून बाजूस घ्यावी आणि वरचे एखादे तावदान उघडे ठेवावे, एवढ्याने हे सहज साधते.

हाच न्याय धूपनास लागू आहे. काश्यपसंहितेत धूपकल्प हा स्वतंत्र अध्याय आहे. धूपनाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु चरकाचार्यांनी कुमारागाराच्या प्रकरणात धूपन सांगितले ते वस्त्रे, अंथरुणे व पांघरुणे यांसाठी, आणि तेही ती स्वच्छ धुऊन व पूर्ण वाळवून वापरावीत या आग्रहासह. वाग्भटांनी तर धूमपानास अठरा वर्षांखालील वय वर्ज्य मानले आहे. मग दहा दिवसांच्या अर्भकास धुरावर धरणे कोणत्या शास्त्रात बसते? खोलीचे धूपन करावयाचे असल्यास माय-लेकरांस दुसऱ्या खोलीत न्यावे आणि धूर पूर्ण निघून गेल्यावरच परत आणावे.

शेगडीचा धोका याहून मोठा आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा रंग व गंध नसलेला वायू निर्माण होतो. तो जाणवत नाही आणि झोपेतच प्राण घेऊ शकतो. म्हणून बंद खोलीत, विशेषतः रात्री, शेगडी नसावी. बाळास ऊब द्यावयाची ती कोरडे कपडे, टोपडे आणि मातेच्या अंगाची. उघड्या छातीशी बाळास धरण्याची जी पद्धत आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून जगभर मान्य आहे, तिला इंधन लागत नाही. आपल्याच विदर्भात गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजातांची काळजी घेतली. ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार यांच्या बळावर नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले.

आता मातेविषयी. झड उघडली, की घरातील सर्व माणसे निंदण-डवरणीस शेतात जातात आणि अर्ध्या अंधारात रडणाऱ्या बाळासह ती एकटी उरते. सूतिकेचे घर अनुरक्त व आनंदी माणसांनी, गीत-वाद्यांनी भरलेले असावे, असे चरकाचार्य म्हणतात. हा केवळ मंगलाचार नसून चिकित्सेचा भाग आहे, असे आमचे मत आहे. श्रावणातील जिवतीच्या शुक्रवारी शेजारणी घरी येतात, तेव्हा बाळंतिणीचा चेहरा कसा उजळतो हे प्रत्येक वैद्याने पाहिले असेल. तो शुक्रवार आठवड्यातून एकदाच का यावा? सासूबाई, जाऊबाई वा शेजारच्या काकूंनी रोज तासभर बाळास घ्यावे आणि तेवढा वेळ मातेने ओसरीवर उजेडात बसावे. थोडे मोठे झालेल्या बाळासाठी खेळणी हलकी, आवाज करणारी, टोक नसलेली व तोंडात न जाणारी असावीत, हेही चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे.

वैद्यबंधु-भगिनींस आमची विनंती आहे, की वर्षा ऋतूत प्रसूतेस काढे व लेप लिहून देताना खोलीचीही चौकशी करावी. खिडकी कोठे आहे, शेगडी कोठे आहे, दिवसा घरी कोण असते, हे तीन प्रश्न पुरेत. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असेल, छाती आत ओढली जात असेल अथवा बाळ दूध सोडत असेल, तर झड उघडण्याची वाट न पाहता रुग्णालयात पाठवावे. मातेची उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तिला ‘हवेचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांस लिहून द्यावा आणि तज्ज्ञांकडे पाठवावे.

पावसास आपण थांबवू शकत नाही. कुमारागाराचे एक तावदान उघडणे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.