डॉटनेटचे कुंपण हटले, जबाबदारी वाढली

२००२ मध्ये आलेली मायक्रोसॉफ्टची 'डॉटनेट' प्रणाली दीर्घकाळ अधिकृतपणे विंडोजपुरतीच मर्यादित होती. संकेतस्थळ उभारायचे, तर सर्व्हरसाठी विंडोजचा परवाना ओघानेच आला. जून २०१६ मध्ये 'एएसपी डॉटनेट कोअर'ची पहिली आवृत्ती दाखल झाली आणि हे चित्र पालटले. मुक्तस्रोत असलेली ही प्रणाली विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्हींवर चालते. विनामूल्य एसडीके डाउनलोड केल्यास दोन-तीन कमांडमध्ये पहिले पान पडद्यावर येते. नवोदितांसमोरील परवान्याचा अडसर त्यामुळे दूर झाला आहे.

खरी मेख मात्र पुढेच आहे. दीर्घकालीन पाठबळ असलेल्या आवृत्तीलाही सुरक्षाविषयक दुरुस्त्या तीनच वर्षे मिळतात. साहजिकच, प्रकल्पाचा श्रीगणेशा करतानाच पुढील आवृत्तीकडे जाण्याचा हिशेब मांडणे अपरिहार्य ठरते. तो टाळणाऱ्यांना ही मोफत प्रणालीही महागात पडू शकते.