परतीच्या गाडीत बसण्याआधी

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी पिशव्या भरायला लागतात. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, शेवटच्या काढणीचे आंबे. शाळा उघडायच्या असतात, रजा संपलेल्या असतात. चाकरमानी मुंबई-पुण्याच्या गाडीत बसतात आणि घरात उरतात सत्तरीपुढची दोन माणसं, कुठे कुठे तर एकच. अरबी समुद्र खवळतो तो नेमका याच सुमाराला. 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या अंगावर आलं ते 3 जून 2020 रोजी. 'तौक्ते' किनाऱ्यालगतून वर सरकलं ते 16 आणि 17 मे 2021 ला. 'फयान' 11 नोव्हेंबर 2009 चं, म्हणजे दिवाळीला आलेली मंडळी परतल्यावरचं.

म्हणून ही कळकळीची विनंती आजच करते आहे. जायचं दोन दिवस पुढे ढकला. तेवढ्यात गावचं घर काळोखासाठी तयार करा आणि मगच निघा.

वाऱ्यासाठी नव्हे, काळोखासाठी म्हणते आहे. वाऱ्याची तयारी सगळ्यांना सुचते. बातम्यांत तेच दाखवतात, बंदरावर बावटा चढतो, होड्या ओढून वर घेतात, पत्र्यांवर दगड ठेवतात. ती तयारी हवीच. पण 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता आणि त्याचा मुख्य तडाखा एका दुपारीत उरकला. नारळी-पोफळीच्या पिढीजात वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब हजारोंनी मोडले. संध्याकाळी वारा पडला. वीज मात्र अनेक गावांत कित्येक आठवडे आली नाही. आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या वाडीत महिना उलटून गेला. त्या दुपारी आमच्या घरात कोणाला खरचटलंसुद्धा नाही. माणसं थकली, आजारी पडली, खचली ती त्यानंतरच्या महिन्यात.

पहिली अडचण पाण्याची आली. विहीर अंगणात, पाणी डोळ्यांना दिसत होतं, आणि घागरभर पाणी काढता येईना. पंप बसवला त्या वर्षी आम्ही रहाट काढून टाकला होता. दोरी कुजलेली, पोहरा अडगळीत गेलेला. नळयोजनेचा पंपही विजेवरचा, त्यामुळे गावातले नळही कोरडे. शेवटी शेजारच्या काकूंकडचं जुनं सुंभ आणून त्याला तेलाचा डबा बांधला आणि तीन घरांनी त्यावर पहिले दोन दिवस काढले. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या एकट्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार अजून मला झोपेतून उठवतो.

तेव्हा सगळ्यात आधी विहिरीवर जा. रहाट नसेल तर बसवून घ्या, असेल तर तेल घाला. नवी दोरी आणि पोहरा घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी टांगा. वादळाचा इशारा आला की प्यायला आणि रांधायला माणशी रोज 4 लिटर या हिशोबाने आठवडाभराचं पाणी झाकून भरून ठेवायला सांगा. वादळानंतर विहिरीत पालापाचोळा आणि मेलेलं काहीबाही पडतं. ते पाणी उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये.

मग औषधं. घरात रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांपैकी काही असेल तर महिनाभराच्या गोळ्या घरात हव्यात. तालुक्याचा रस्ता झाडांनी अडलेला असताना पट्टी संपली म्हणून दुकान गाठता येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना फ्रिजची काळजी असते. वापरायला काढलेली बहुतेक प्रकारची कुपी 30 अंशांच्या आतल्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते. आपल्या औषधाची नेमकी मुदत डॉक्टरांना आत्ताच विचारून कुपीच्या खोक्यावर मराठीत लिहून ठेवा. फ्रिज बंद पडला की कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून माठाच्या गारव्यात ठेवायची, डबीत पाणी शिरू द्यायचं नाही. ऑक्सिजनच्या यंत्रावर कोणी असेल तर मात्र त्या माणसाला इशारा मिळताच, वारा सुटण्याआधी, रुग्णालय असलेल्या गावी हलवायचं. त्यात घासाघीस नको.

आता फोन. वीज गेली की टॉवरची बॅटरीही काही तासांत संपते. माझे दीर डोंबिवलीला असतात. सहा दिवस त्यांना आमचा ठावठिकाणा लागला नाही. टीव्हीवर पडलेली घरं दिसत होती, त्यांत आपलं कुठलं एवढंच ते शोधत बसले होते. इकडे वाडीतला एक मुलगा झाडं ओलांडत, मोटारसायकल ढकलत माणगावच्या बाजूला रेंज मिळेल तिथवर जायला निघाला. प्रत्येक घराने त्याला निरोप आणि नंबर द्यायचा असं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की कोणालाच कोणाचा नंबर पाठ नाही. सगळे नंबर बंद पडलेल्या फोनांत! मुलाचा नंबर सांगता येईना म्हणून एक आजी रडल्या.

नंबर कागदावर लिहा, मोठ्या अक्षरात. एक कागद देवघरात, एक तांदळाच्या डब्यात. त्याखाली 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077, विजेच्या तक्रारीसाठी 1912 हेही लिहा. आणखी एक ठरवून जा. वीज गेली की फोन दिवसभर बंद ठेवायचा आणि सकाळी आठ व संध्याकाळी सहा याच वेळी पंधरा मिनिटं चालू करायचा. मुंबईहून त्याच वेळी प्रयत्न करायचा. फोन लागत नसताना साधा एसएमएस पुष्कळदा पोहोचतो. आणि सेलवर चालणारा रेडिओ घेऊन द्या. आकाशवाणीची बातमी ऐकायला रेंज लागत नाही.

बाकीचं भराभर सांगते. पिठाची गिरण, एटीएम, पेट्रोलपंप, मोबाइलवरून पैसे देणं, सगळं विजेबरोबर थांबतं. थोडी रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत. दळण आधीच. गॅसचा भरलेला दुसरा सिलिंडर. पेजेचे तांदूळ, कडधान्य, गूळ, चहा. दोन विजेऱ्या आणि एखादा सौर कंदील, कारण रॉकेल आता सहजी मिळत नाही आणि मेणबत्ती म्हाताऱ्या माणसांच्या हाती देऊ नये. काळोखात अनवाणी अंगणात उतरू नका असं बजावून सांगा. ढिगाऱ्यात फुरसं, घोणस, मण्यार आसरा घेतात.

प्रत्यक्ष वारा सुटल्यावर कुठे बसायचं तेही आत्ताच ठरवा. जुनं कौलारू घर, त्यावर झुकलेला माड किंवा फणस असेल, तर त्या घरात थांबायचंच नाही. शेजारी पक्क्या स्लॅबचं घर कोणाचं आहे, शाळेची किल्ली कोणाकडे असते, आजोबांना चालत तिथवर न्यायला कोण येईल, हे तिघाचौघांना समोर बसवून बोलून घ्या. वादळाचं केंद्र डोक्यावर आलं की वारा एकदम पडतो, ऊनसुद्धा दिसतं. लोक वाडी बघायला बाहेर धावतात. थोड्या वेळाने तोच वारा उलट्या दिशेने येतो आणि आधीच खिळखिळी झालेली झाडं पाडतो. रेडिओवर वादळ पुढे गेल्याचं ऐकल्याशिवाय कडी काढायची नाही.

जनरेटरविषयी हात जोडून सांगते. हल्ली मुलगे हौसेने छोटा जनरेटर आणून देतात. तो पडवीत किंवा बंद खोलीत लावू नका. त्याच्या धुरातला वायू वास न येता माणसाला झोपेतच मारतो. कोळशाची शेगडी खोलीत पेटवून दारं लावलीत तरी तेच होतं. आणि जनरेटरची वायर घरच्या बोर्डात खुपसू नका. ती वीज मीटरमधून उलटी बाहेरच्या तारांत जाते आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. फ्रिज-दिवा चालवायचा तर थेट जनरेटरला जोडा. तुटून पडलेली तार, तारेला टेकलेली फांदी, तारेखालचं डबकं, यांच्या जवळ कोणीही जायचं नाही, मग गावात वीज नसली तरी.

त्या वायरमनांविषयीही बोलायलाच हवं. 'निसर्ग'नंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं आली. आमच्या वाडीत गाडी शिरत नव्हती म्हणून खांब माणसांनी खांद्यावरून आणले, आणि खड्डे गावातल्या पोरांनी खणले. जी वाडी फांद्या तोडायला, दोर धरायला, जेवण द्यायला पुढे आली तिथलं काम लवकर उरकलं. वीज आधी कोणाकडे, यावरून भांडत बसू नका. पाणीपुरवठ्याचा पंप आणि दवाखाना आधी, घरं नंतर, हे ग्रामसभेत आत्ताच ठरवून घ्या.

मुंबईत, पुण्यात, आखातात बसलेल्या प्रत्येक कोकणकराला माझं सांगणं आहे. वादळ आल्यावर मदतीचे टेम्पो भरून पाठवलेत त्याचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण टेम्पो येतो तो रस्ता मोकळा झाल्यावर. पहिले आठ दिवस घरातलं माणूस आणि शेजार, एवढंच हाताशी असतं. शेजारच्या घरी जा, त्यांच्याही म्हाताऱ्यांचं विचारा, आपल्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या. ज्यांची मुलं यंदा आलीच नाहीत त्यांच्या दारातली दोरी तुम्हीच बदलून द्या.

पिशव्या उद्या भरा. आज विहिरीवर जा आणि रहाट फिरतो का ते बघा.