झोपेच्या गोळीचा हिशेब

भुसावळ हे निवृत्तांचेही गाव आहे. रेल्वे, आयुधनिर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र येथे पाळ्या करून आयुष्य वेचलेली पिढी आज तेथे विसावली आहे. उतारवयात झोप उडते, जीव घाबरा होतो आणि अल्प्राझोलाम वा डायझेपामची गोळी सुरू होते. काही आठवड्यांसाठी दिलेली ही गोळी जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू राहिली, की प्रश्न गंभीर होतो.

वृद्ध शरीरावर या औषधांचा अंमल अधिक होतो. दिवसा गुंगी येते, तोल जातो, नुकतेच घडलेले आठवत नाही. घरचे मात्र ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसतात. या गोळ्यांमुळे कायमचा स्मृतिभ्रंश होतोच, असे सिद्ध झालेले नाही. २०१४ मध्ये कॅनडातील अभ्यासात तसा संबंध आढळला. २०१६ मधील अमेरिकी अभ्यासात अधिक सेवन करणाऱ्यांतही वाढीव धोका दिसला नाही. पडणे, हाड मोडणे व बुद्धीचा गोंधळ यांविषयी मात्र दुमत नाही.

२०१४ पासून या दोन्ही औषधांच्या विक्रीची ‘एच-१’ अनुसूचीनुसार स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. तथापि खरी राखण कुटुंबानेच करावयाची आहे. गोळी एकाएकी थांबवू नये, त्याने झटकेही येऊ शकतात. आईवडिलांच्या औषधांचा डबा डॉक्टरांपुढे ठेवून मात्रा त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू उतरवावी. आणि रोज सायंकाळी घटकाभर त्यांच्यापाशी बसावे. एकाकीपणावर गोळी हा उतारा नव्हे.