प्रेम आंधळं, आरसी डोळस!

परवा ओरोसला मामाकडे गेले, तर मामेभाऊ फोनमधल्या एका फोटोवर फिदा! 1950 च्या दशकातली डॉज किंग्जवे. लखलखता क्रोम, नवाकोरा पेंट, खाली ‘रिस्टोअर्ड, विकणे आहे’. गाडी अमेरिकन, पण जोडणी आपल्या कुर्ल्यातली; वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने क्रायस्लरच्या परवान्यावर केलेली.

थांब बॉस! ‘रिस्टोअर्ड’ म्हणजे नक्की काय काय बदललंय? 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवायची, तर चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीचे 20 हजार, मुदत 10 वर्षं. बरं, एवढं करून ती रोज ऑफिसला न्यायची नाहीच! रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती... बस्स. म्हणजे गाडी जितकी चकाचक, तितके प्रश्न जास्त. एमएच 07 चं आरटीओ ओरोसलाच आहे, आधी तिथे विचार की!

मामाचा प्रश्न त्याहून अवघड: “गाडी बरी आसा, पण पावसात ठेवतलंस खंय?” कोकणातले चार महिने आणि जुना पत्रा... कळलं ना?

भावाने फोटो वॉलपेपर केलाय. पण टोकन देण्याआधी आरसी आणि चासी नंबर मागवलाय. याला म्हणतात मॅच्युअर प्रेम!